भांडी घासायच्या दगडाखाली

एकदा मी माझ्या सासूबाईंची सगळी जर्मनची भांडी माळ्यावर चढवली आणि घराखालच्या पट्टीतली सगळ्यात चांगली माती टोपल्या भरभरून ओढ्याकाठच्या करवंदीत ओतून आले. का, तर त्या भांड्यांनी जमिनीला विष घातलंय अशी माझी खात्री होती. हे मी पूर्ण शुद्धीत केलं. अंगात ताप नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं, आणि वयही काही सोळा-सतरा नव्हतं. पस्तिशी उलटली होती, दोन मुलांची आई होते, आणि महाडच्या शाळेत विज्ञानात पहिली आले होते. ही शेवटची गोष्ट मी तेव्हा दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायचे. कोणी नसलं तर म्हशीला.

आज हे आठवायचं कारण माझी नात. ती शेतीच्या कॉलेजात शिकते. दिवाळीला वीर स्टेशनवर उतरून आली ती फराळाच्या आधी पट्टीत उतरली. सहा ठिकाणची माती सहा वाट्यांत कालवली, माती खाली बसल्यावर वर राहिलेल्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि ओसरीवर मांडून बसली. पाच कागद पिवळट तांबूस. एक हिरवागार.

"आजी, ही दगडाखालची माती अशी कशी? बाकी सगळी आंबट आणि ही एकटीच शहाणी."

"असेल एखादी शहाणी," मी म्हटलं आणि चकली मोडून तोंडात टाकली. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

जर्मन म्हणजे अल्युमिनियम. आमच्या पोलादपूरकडे जुन्या माणसांना अल्युमिनियम म्हटलं तर कळायचं नाही, पण जर्मनचा टोप म्हटलं की हात आपोआप चुलीकडे जायचा. सासूबाईंकडे असे आठ-दहा नग होते. भाताचा टोप, पोचे आलेलं पातेलं, दुधाची किटली, आणि घट्ट झाकणाचा एक डबा. त्या डब्यात वालाचं बी राखेत घालून ठेवलेलं असे. बाकीची भांडी गेली असती तरी सासूबाईंनी उसासा टाकून दुसरी आणली असती. त्या डब्यातलं बी मात्र आणायला जागा नव्हती.

सासूबाईंचं माहेर आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला, अगदी डोंगराच्या कुशीत. माझं लग्न झालं तेव्हाच तिथे त्यांचं कोणी उरलं नव्हतं. आई गेली, भाऊ मुंबईला गेले, घराच्या चौथऱ्यावर घाणेरी वाढली. लग्नाच्या दिवशी आईने त्यांच्या पदरात मूठभर वाल बांधून दिला होता. बारीक दाणा, पाठीवर तांबूस रेघ, मोड आणून सोलला की हाताला कडवट वास राहायचा तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. तो वाल आसपास कोणाकडे नव्हता. बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून दर वर्षी पेरायचा आणि दर वर्षी धरायचा. एक वर्ष चुकलं की संपलं. सासूबाई इतर वेळी फार बोलायच्या, पण डबा उघडताना गप्प व्हायच्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "माज्या आयेचं एवढंच ऱ्हायलंय."

आमची भाताची खाचरं लांब, नदीच्या बाजूला. भात निघालं की तिकडे गुरं मोकळी सुटायची. म्हणून वाल घराखालच्या पट्टीत, कुंपणाच्या आत. ती पट्टी उताराची, तांबडी. इतकी तांबडी की दुपारी नुसती बघत बसलं तर डोळे मिटल्यावरही पापण्यांच्या आत तीच दिसायची. वरच्या टोकाला भांडी घासायचा दगड होता, काळा, मधोमध झिजून वाटीसारखा झालेला. सासूबाई आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई तिथे बसून चुलीतल्या राखेने भांडी घासत आल्या होत्या. महाडच्या बाजारातून कालवणाला तिसऱ्या आणल्या की त्यांच्या शिंपल्याही तिथेच टाकायच्या, पायाने चुरायच्या. घासलेलं पाणी दगडावरून खाली वाहायचं. दगडाखाली चार हातांच्या तुकड्यात माती काळसर, भुसभुशीत. तिथे वाल कमरेएवढा व्हायचा. बाकीच्या पट्टीत काय लावाल ते वीतभर वाढून थांबायचं, जणू आपण इथे कशाला आलो तेच विसरायचं.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. रोज त्या दगडावर मीच बसत होते. पण विज्ञानात पहिली आलेल्या बाईला डोळ्यांसमोरचं दिसत नाही. मी म्हणायचे, तिथे ओल असते म्हणून.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता कृषी सहायक आले. किडकिडीत, चष्मा, पँटला चिखल. त्यांनी आधी मातीचे नमुने नेले होते, त्याचे कागद घेऊन ते शाळेच्या पडवीत बसले होते. माझ्या हातात कागद देऊन म्हणाले, "ताई, तुमच्या उताराच्या पट्टीची माती फार आंबट आहे. अशा मातीत अल्युमिनियम मोकळं होतं. ते मुळांना विषारी असतं. आता त्याचं असं असतं की..."

पुढचं मी ऐकलं नाही. चुलीवर दूध ठेवून आले होते, उठले. आयुष्यातली अर्धी अक्कल मी दूध उतू जाईल म्हणून अशी पडवीत ठेवून आले आहे.

घराकडे चढताना डोक्यात एकच शब्द वाजत होता. अल्युमिनियम. ढग खाली उतरले होते, वाट दहा पावलांच्या पुढे दिसत नव्हती, आणि त्या पांढऱ्यात मला आमची भांडी एकेक करून तरंगताना दिसू लागली. टोप, किटली, पातेलं. मला आठवलं, नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी कोकमाचं आगळ जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवलं होतं. सकाळी पातेल्याच्या आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आंबाट जर्मनला खातं गो, येवडं पन ठाव नाय?" घरी पोचेपर्यंत माझा सगळा सिद्धांत तयार होता. आंबट जर्मनला खातं. खाल्लेलं जर्मन घासताना सुटतं. घासलेलं पाणी दगडावरून पट्टीत जातं. पट्टी विषारी होते. म्हणून वाल वाढत नाही. इतकं सोपं, आणि ते आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दूध उतू गेलेलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मोठ्या शोधांच्या वेळी असं व्हायचंच.

पुढच्याच आठवड्यात नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई मुंबईला गेल्या. जाताना मला डबा दाखवला.

"वाल भात कापून झालं की पेर. दगडाच्या खालच्या अंगाला. तीनच वळी."

"बाकीची पट्टी रिकामी का ठेवायची, आत्या?"

"तिथं नाय होत."

"का नाय होत?"

"नाय होत म्हंजे नाय होत. तू पेर मी सांगतंय तिथं."

एसटी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पदर खोचला. पहिल्या दिवशी सगळी भांडी शिडीने माळ्यावर चढवली आणि माहेरचे स्टीलचे टोप काढले. भांडी घासायची जागा मागच्या दाराला हलवली. मग मला वाटलं, इतक्या वर्षांचं विष सगळ्यात जास्त कुठे साचलं असेल? दगडाखाली. माती काळी पडली आहे ती उगाच का? तीन दिवस मी तो तुकडा हातभर खोल खरवडला. काळी, हलकी माती टोपलीत घालून ओढ्याकाठच्या करवंदीत ओतली आणि खड्ड्यात बांधाच्या वरची कोरी, लालबुंद माती आणून भरली. स्वच्छ. कोणाचा हात न लागलेली. मला वाटलं मी जमिनीला न्हाऊ घातलं.

आमचे हे महाडला कोर्टात नोकरीला होते, रोज संध्याकाळच्या एसटीने यायचे. चौथ्या दिवशी जेवायला बसले आणि ताटाभोवती बघू लागले.

"भांडी तुझ्या माहेरी गेली का?"

"माळ्यावर आहेत. त्यांच्यातून विष येतं."

"मग मी एवढी वर्षं जिवंत कसा?"

"ते जमिनीला येतं. तुम्हांला नाही."

त्यांनी थोडा वेळ भात कालवला. "आईला सांगितलंस?"

"आल्यावर बघतीलच."

"हो, ती बघेल," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

त्या दिवसांत मला दुपारी फार स्वप्नं पडायची. भात कापून दमलेलं अंग, ओसरीवर तांदळाच्या कोंड्याचा वास, आणि डोळा लागला की मी मातीच्या आत असायचे. आत अंधार नव्हता. वितळलेल्या तुपासारखा पिवळा उजेड होता आणि त्यात वालाची मुळं केसांसारखी मोकळी सुटून खाली खाली येत होती. माझ्या गालाला लागत होती. मी त्यांना म्हणत होते, या, आता काही भीती नाही, मी सगळं स्वच्छ केलंय. जाग आल्यावरही थोडा वेळ गालाला तो गारवा असायचा. स्वतःवर मी तेव्हा इतकी खूश होते की स्वप्नातसुद्धा माझंच ऐकणारं कोणीतरी लागायचं.

मग पेरणी. तीन ओळी कसल्या, मी सगळी पट्टी पेरली. डब्यातलं सगळं बी काढलं, ताटात पसरून निवडलं. टपोरे दाणे एकीकडे. सुरकुतलेले, भोकं पडलेले, डोळा गेलेले दाणे राखेसकट करवंदीतल्या त्या मातीवर भिरकावले. घाण ती घाणीवर. डबा धुऊन माळ्यावर. वर दोन मुठी युरियाही टाकला, कारण कागदावर काहीतरी कमी आहे असं लिहिलं होतं आणि काय कमी आहे ते मी वाचलं नव्हतं.

वाल उगवला. पहिली दोन पानं सुंदर आली. मी सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यात फिरायचे. तिसऱ्या पानापाशी वाल थांबला. पानं गडद झाली, काठाला जांभळट, मग पिवळी. पाणी घातलं. रोज घातलं. जमीन ओली आणि झाडं तहानलेली, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दगडाखाली, जिथे मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तिथली झाडं आधी गेली.

सासूबाई आल्या तेव्हा पट्टी अशी होती. पिशवी ओसरीवर ठेवून त्या सरळ खाली उतरल्या. मी मागे. दगडापाशी थांबून त्यांनी पायाने माती चाचपली. लाल धूळ उडाली. मग वाकून एक रोप उपटलं. मूळ बोटभरच होतं. जाड, तपकिरी, टोकाशी बोथट, ठेचल्यासारखं. केसांसारख्या मुळ्या नव्हत्या, वालाच्या मुळांना असतात त्या दाण्यांएवढ्या गाठी नव्हत्या. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं.

"डब्यात काय ठेवलंयस?"

मी हातातलं रोप उलटंसुलटं केलं.

"सगळा पेरलास?"

मी मान हलवली. त्या वर गेल्या. माळ्याकडे त्यांनी बघितलं, पण भांड्यांबद्दल काही विचारलं नाही. रागावल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

कृषी सहायकांना मीच निरोप धाडला. ते आले, बांधावर उकिडवे बसले, मूळ हातात फिरवत राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. भांडी, दगड, खरवडलेली माती. सासूबाई ओसरीच्या पायरीवर बसून वाल नसलेलं सूप झटकत होत्या.

"ताई, भांड्यांतून नाही हो येत," ते म्हणाले. "जर्मन मातीतच आहे. ह्या सगळ्या तांबड्या डोंगरात आहे. दगडाला चिकटून झोपलेलं असतं, कोणाला काही करत नाही. पण आपल्याकडचा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो. चुना गेला की माती आंबट होते. तुम्ही आगळ कशात ठेवता?"

"बरणीत."

"जर्मनच्या पातेल्यात का नाही?"

"पातेलं खातं."

"मग आंबट माती काय करत असेल?"

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. पस्तिशी उलटलेल्या बाईला आपल्याच तोंडून आपलं उत्तर ऐकायला लावणं, हे त्या माणसाला छान जमलं होतं.

"सुटलेलं जर्मन मुळाच्या टोकाला धरतं," ते म्हणाले. "टोक वाढलं नाही की मूळ खोल जात नाही. जमिनीत पाणी असून पीत नाही. खतातलं स्फुरदही ते अडवून बसतं, झाडाला मिळू देत नाही. आणि युरिया टाकलात, त्याने माती आणखी आंबट होते."

"मग दगडाखाली इतकी वर्षं कसा यायचा वाल?"

"भांडी कशाने घासायचात?"

"राखेने."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "राखेने आंबटपणा मरतो, ताई. शिंपल्यांत चुना असतो. तुमच्या घरच्या बायकांनी तो तुकडा दोन पिढ्या घासून घासून गोड केला होता. कुठे टाकलीत ती माती?"

मी ओढ्याकडे बोट केलं. सूप थांबलं.

"उगाच जर्मनला बोल लावलास गो," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. त्या महिन्यात त्या माझ्याशी तेवढंच बोलल्या.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. थंडीत आमच्याकडे सकाळ उशिरा येते, डोंगराच्या पाठीमागून, आणि दुपार झाली न झाली तोच परत जाते. त्या थोड्या उजेडात आम्ही दोघी एकाच चुलीशी वावरत होतो, एकमेकींना भाकरी वाढत होतो, आणि रिकामा डबा डोक्यावर माळ्यात होता. त्याचं वजन मला खाली बसून कळायचं. मी महाडच्या बाजारात वालाची दुकानं पालथी घातली. पोत्यात हात घालून दाणे उलटेसुलटे बघायचे. तांबूस रेघ कुठेच नव्हती. दुकानदार म्हणाला, "बाई, वाल घ्यायचा की वालाशी लग्न लावायचंय?" त्याला काय सांगणार? सासूबाई रोज संध्याकाळी थोडा वेळ दगडावर जाऊन बसायच्या. हात मोकळे, पुढ्यात भांडं नाही. नुसत्या बसायच्या.

फाल्गुनात, शिमग्याच्या आधी, मी कुंपणाला काट्या तोडायला ओढ्याकडे उतरले. ऊन कोवळं होतं, पाणी आटत आलं होतं, कुठेतरी भारद्वाज घुमत होता. मी करवंदीजवळ गेले आणि पाय थांबले. करवंदीवर वेल चढला होता. खोटं वाटेल, मला आधी वाटलं मी अजून ओसरीवरच झोपले आहे. वेलावर वाळलेल्या शेंगा होत्या, वाऱ्याने एकमेकींवर घासून त्यांचा बारीक आवाज येत होता, लांबून बांगड्या वाजाव्यात तसा. मी माती उकरली. काळी, हलकी. राखेचा रंग अजून होता. एक मूळ ओढून पाहिलं तर ते संपेचना, पांढरं, केसाळ, गाठींनी भरलेलं, करवंदीच्या मुळांत शिरून पार ओढ्याकडे निघालेलं. माझ्या दुपारच्या स्वप्नातलं मूळ होतं ते. फक्त मी बोलावलेल्या जागी आलं नव्हतं.

निवडून पेरलेले टपोरे दाणे माझ्या स्वच्छ मातीत मेले होते. किडके म्हणून फेकलेले इथे जगले होते. मी तिथेच बसले आणि एकटीच खूप हसले. मग काटे टोचत होते म्हणून जरा रडूनही घेतलं.

शेंगा पदरात घेऊन वर आले. सासूबाई दगडावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे पदर सोडला. त्यांनी एक शेंग फोडली. दाणा अंगठ्याने पुसला, रेघ उजेडात धरून बघितली. मग तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले होते. त्या कुठे गेल्या होत्या ते मला माहीत नव्हतं, आज थोडंसं कळतं, कारण आता मी त्यांच्या त्या वयाची झाले आहे आणि माझेही डोळे असे मधूनच मिटतात.

"कुठं गावला?" त्यांनी विचारलं.

"मी माती टाकली होती तिथे. करवंदीत."

सासूबाईंनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. पदरात काटे होते, केसांत पाला होता, हातांना ओरखडे होते. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तसा तो मी त्या मुंबईला गेल्यापासून पाहिला नव्हता. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दगडावरची धूळ पदराने झाडली, मला बसायला जागा करून दिली आणि म्हणाल्या,

"ती माती टोपलीटोपलीनं परत आन, जशी नेलीस तशी. आन माळ्यावरची भांडी खाली काढ. रोज हितंच बसून घासायची. राख मी आनून देतंय."